उन्हाचं दुसरं वेळापत्रक

सांताक्रूझच्या वेधशाळेत मे महिन्यात दुपारचा पारा सरासरी जिथवर चढतो, जवळपास तिथवरच तो नोव्हेंबरातही चढतो. दोन्ही महिन्यांत तेहतीस-चौतीस अंश. मे महिन्यात हवा दमट, म्हणून घामाच्या धारा लागतात; नोव्हेंबरात हवा कोरडी, म्हणून जीव थोडा सुसह्य होतो. पण नुसत्या पाऱ्यावरून दोन महिने वेगळे ओळखता येणार नाहीत. त्याच उन्हातल्या अतिनील किरणांचा हिशेब मांडला, तर नोव्हेंबरच्या मध्यान्ही त्यांचा जोर मे महिन्याच्या दोन-तृतीयांशावर येतो.

कातडीला उष्णता लगेच कळते. अतिनील किरण कळत नाहीत. ते कळतात चार-सहा तासांनी, कातडी हुळहुळी झाल्यावर. रापलेपण दिसायला दोन दिवस जातात आणि डोळ्याच्या भिंगावरचा परिणाम दिसायला कित्येक वर्षं. म्हणून आपण उन्हाची सगळी मोजदाद चटक्यावरून करतो. मला सांगायचं आहे ते एवढंच की उष्णतेचं वेळापत्रक एक आणि अतिनील किरणांचं दुसरं. मुंबईत ही दोन वेळापत्रकं इतकी वेगवेगळी चालतात की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारा हमखास फसतो.

उदाहरणाला आरे कॉलनी घेऊ. १९४९ साली मुंबईच्या दुधासाठी वसवलेल्या या तीन हजारांहून अधिक एकरांत उन्हाचे बहुतेक सगळे प्रकार एका फेरीत भेटतात. म्हशींच्या युनिटांभोवतीची उघडी कुरणं, रस्त्याच्या दुतर्फा एकमेकांत गुंतलेली झाडं, आदिवासी पाड्यांभोवतीची भाताची आणि भाज्यांची खाचरं, छोटा काश्मीरचं तळं, आणि उत्तरेला राष्ट्रीय उद्यानाकडे चढत गेलेले डोंगर. शिवाय गोरेगावहून पवईकडे आणि मरोळकडे जाणारी वाहनं दिवसभर याच झाडीतून धावत असतात.

आधी या किरणांची थोडी ओळख करून घेऊ. दिसणाऱ्या प्रकाशाचं जांभळं टोक साधारण ४०० नॅनोमीटरला संपतं. त्यापलीकडे, त्याहून आखूड लहरींचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश आहे हे १८०१ साली जर्मनीत योहान रिटर यांनी दाखवलं. चांदीचा एक क्षार जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, सर्वांत लवकर काळा पडत होता. या किरणांचे तीन गट करतात. ४०० ते ३१५ नॅनोमीटरचा ‘अ’ गट हवेतून फारसा न अडखळता खाली येतो. ३१५ ते २८०चा ‘ब’ गट बराचसा वरच्या ओझोनमध्ये शोषला जातो, थोडासा खाली पोचतो. त्याहून आखूड ‘क’ गट जमिनीपर्यंत येतच नाही. खाली पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी साधारण ९५ टक्के ‘अ’ गटाचे असतात. पण कातडी भाजण्याचं आणि कातडीत ड जीवनसत्त्व तयार करण्याचं मुख्य काम उरलेल्या ‘ब’ गटाकडे आहे. पुढची सगळी गोष्ट त्या थोड्याशा हिश्शाची आहे.

हा हिस्सा किती खाली येणार हे ठरवणारा ओझोन फार थोडा आहे. आपल्या डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून जमिनीवरच्या दाबाखाली पसरला, तर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर होईल. त्या तीन मिलिमीटरना ३०० डॉब्सन एकक म्हणतात. मुंबईच्या वर हा थर जगाच्या सरासरीहून पातळ असतो: हिवाळ्यात २५०च्या आसपास, उन्हाळ्यात पावणेतीनशेच्या आसपास. ओझोन सर्वांत जास्त तयार होतो तो उष्ण कटिबंधाच्या वर, पण वरच्या हवेतले संथ प्रवाह तो ध्रुवांच्या दिशेने वाहून नेतात. ज्यांच्या डोक्यावर सूर्य येतो, त्यांच्याच डोक्यावरचं आवरण विरळ, अशी ही निसर्गाची वाटणी आहे.

या मोजणीत महाराष्ट्राचा, विशेषतः पुण्याचा, मोठा वाटा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. भारतीय हवामान खात्यात पुण्याला काम केलेले के. आर. रामनाथन पुढे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले. केरळातून येऊन पुण्यात अनेक वर्षं उपकरणं घडवण्यात घालवलेल्या अण्णा मणी यांनी १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभी केली. फुग्यातून वर पाठवायचं भारतीय बनावटीचं ओझोनमापक त्यांनी १९६०च्या दशकात तयार केलं. भारतातल्या सौर प्रारणावरचे त्यांचे ग्रंथ आजही सौर ऊर्जेचं गणित मांडणाऱ्यांच्या टेबलावर असतात. पुण्याहून ओझोन मोजणारे फुगे सोडण्याचं काम पुढेही चालू राहिलं. आज उन्हाच्या बातमीत जो ‘यूव्ही इंडेक्स’ असतो, त्यामागे अशा चिकाटीच्या मोजण्या आहेत.

हा अतिनील निर्देशांक म्हणजे कातडीला भाजण्याची उन्हाची ताकद. दोनपर्यंत सौम्य, तीन ते पाच मध्यम, सहा-सात जास्त, आठ ते दहा खूप जास्त आणि अकरा व त्यापुढे अतितीव्र, अशी जागतिक आरोग्य संघटनेची प्रतवारी आहे.

आता आरेमधली मे महिन्याच्या मध्याची एक निरभ्र सकाळ घ्या. हवा स्वच्छ आहे असं धरून सूर्याच्या उंचीवरून आणि ओझोनवरून हिशेब करता येतो. सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. सात वाजता तो क्षितिजापासून बारा अंश वर असतो, लख्ख उजाडलेलं असतं, घाम फुटू लागलेला असतो. निर्देशांक मात्र जवळजवळ शून्य. आठ वाजता दोनच्या आत. साडेआठला तीन. नऊला साडेचार. दहाला आठ! आणि मध्यान्ही बाराच्या वर. प्रत्यक्षात मुंबईची धूळ आणि धूर यातला काही भाग खातात, पण चढणीचा आकार तोच राहतो. सकाळचे पहिले दोन तास काहीच नाही आणि मग दीड तासात एकदम चढ.

याचं कारण तिरकेपणात आहे. सूर्य तीस अंशांवर असताना किरणांना हवेतून दुप्पट वाट चालावी लागते, म्हणजे ओझोनही दुप्पट लागतो. दिसणाऱ्या प्रकाशाचं त्याने फारसं बिघडत नाही. ‘ब’ गटाची मात्र दाणादाण उडते. डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत तीस अंशांवरच्या सूर्याकडून भाजणारे किरण पाचव्या हिश्शाहूनही कमी मिळतात. म्हणून अतिनील दिवस हा आपल्या दिवसापेक्षा बराच लहान असतो. दिवसभरातल्या या किरणांपैकी साधारण ६० टक्के मध्यान्हाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन-दोन तासांत येतात.

पण मध्यान्ह कधी? घड्याळातले बारा म्हणजे मुंबईचा मध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य सरासरी ३९ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. १९५५पर्यंत मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ वेगळा ठेवला होता, तो याच ३९ मिनिटांनी मागे. त्या वेळेचा हट्ट संपला तरी सूर्य त्याच वेळेने चालतो. मे महिन्यात मध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास, फेब्रुवारीत १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास. त्यामुळे सकाळचे नऊ आणि दुपारचे चार वाजून दहा मिनिटं ही उन्हाच्या दृष्टीने सारखी वेळ. सकाळी अकराचं ऊन आणि दुपारी सव्वादोनचं ऊन सारखं. दहा ते दोन ऊन टाळा, हा परदेशी पुस्तकातला सल्ला मुंबईत पाऊणएक तास पुढे सरकवून वाचायला हवा. दुपारी अडीच वाजता शाळेतून सुटणारं मूल त्या सल्ल्याप्रमाणे सुरक्षित असतं; प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर पावणेअकराचं ऊन असतं.

आणि नेमकं याच वेळी मुंबईत समुद्राकडून वारा सुटतो. दुपारच्या सुमारास पश्चिमेचा खारा वारा आला की पारा चढायचा थांबतो, अंगाला बरं वाटतं. वारा उष्णता नेतो, अतिनील किरणांना हात लावत नाही. हा वारा यायला रेंगाळला तर काय होतं तेही मुंबईने पाहिलं आहे: सांताक्रूझचा मार्च महिन्यातला ४१.७ अंशांचा उच्चांक २८ मार्च १९५६चा, म्हणजे सूर्य अजून पुरता माथ्यावर आलेला नसतानाचा. पारा वाऱ्यावर अवलंबून, किरण सूर्याच्या उंचीवर.

इथेच कोवळ्या उन्हाचाही विचार करावा लागेल. सकाळी सातच्या उन्हात बसलं की ड जीवनसत्त्व मिळतं, अशी घराघरांतली समजूत आहे. त्या उन्हाची ऊब सुखाची असते, पहाटेच्या उजेडाने झोपेचं चक्र ताळ्यावर येतं, हे सगळं खरं. पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला ‘ब’ गटाचे किरण लागतात आणि सात वाजता ते हवेतच अडकलेले असतात. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ते किरण फार थोडे, आखूड असेल तर भरपूर, असा एक सोपा नियम वैद्यकात वापरतात. काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाचंही तसंच आहे. काच ‘अ’ गटाला बहुतांशी वाट देते, ‘ब’ला अडवते. इतक्या उन्हाच्या शहरात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हेही एक आहे. बरीच माणसं सावली लांब असताना बाहेर पडतात आणि ती आखूड व्हायच्या आत कचेरीत शिरतात. सावळ्या कातडीतला रंग किरण गाळतो, म्हणून आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो हे वेगळंच.

सावलीच्या या नियमाने वर्षाचं गणितही सुटतं. आरे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. २२ डिसेंबरला, सूर्य सर्वांत दक्षिणेला असतानाही, मध्यान्ही तो ४७ अंश उंच असतो. साडेपाच फुटी माणसाची सावली त्या वेळी पाच फूट पडते. म्हणजे मुंबईत असा एकही दिवस नाही की मध्यान्हीची सावली माणसापेक्षा लांब असेल. दिल्लीत डिसेंबरात ती लांब असते. स्वच्छ हवेत मुंबईच्या डिसेंबरातला मध्यान्ह सातच्या आसपास निर्देशांक देतो. लंडनला ऐन जूनमध्ये जवळपास तेवढाच मिळतो. आपल्या हिवाळ्यातला अतिनील सूर्य हा त्यांचा उन्हाळ्यातला सूर्य आहे.

मग सूर्य उत्तरेकडे सरकतो. १५ मेच्या सुमारास तो नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. शून्य सावलीचा हा दिवस महाराष्ट्रात मे महिनाभर दक्षिणेकडून उत्तरेकडे प्रवास करतो, हे अलीकडे शाळांमधून मुलं उत्साहाने पाहतात. परतीच्या वाटेवर २८ जुलैच्या सुमारास सूर्य पुन्हा मुंबईच्या माथ्यावर येतो. तो दिवस मात्र बहुधा ढगांत जातो. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून पाच अंशांहून दूर जात नाही. साडेतीन महिने सूर्य आपल्या परीने पूर्ण ताकदीनिशी असतो. त्यातले शेवटचे दोन-सव्वादोन महिने पावसाळा आपल्याला वाचवतो.

पण ढगांवर किती भिस्त ठेवायची? काळाकुट्ट, पाण्याने भरलेला ढग अतिनील किरणांचा मोठा हिस्सा अडवतो. पातळ, दुधी ढग ऊन विझवल्यासारखं करतात, तरी ९० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण त्यातून खाली येतात. आणि श्रावणात जे होतं ते तर अगदी उलटं. सर येऊन जाते, हवेतली सगळी धूळ धुतली जाते, ढग फुटतात, त्यांच्या पांढऱ्या कडांवरून परतलेला प्रकाश थेट उन्हात मिसळतो. अशा वेळी काही मिनिटं अतिनील किरणांचा जोर निरभ्र दिवसापेक्षाही वाढतो. त्या वेळी सूर्य माथ्याच्या जवळच असतो. अंगाला गार वारा, पायाखाली ओलं गवत, कुरणावर सहलीला आलेली पोरं, आणि वर वर्षातलं सर्वांत तीव्र ऊन! पारा म्हणतो पावसाळा, निर्देशांक म्हणतो मे.

सप्टेंबरात ढग पांगतात तेव्हा सूर्य अजून सत्तरहून अधिक अंशांवर असतो आणि हवा अजून धुतलेली असते. ऑक्टोबर हीटचा लोक धसका घेतात. अतिनील किरणांच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या आधीचे उघडिपीचे दिवस अधिक कडक. नोव्हेंबरपासून सूर्य खाली जातो, रात्री थंड झालेली हवा जमिनीशी बसून राहते, तिच्यात धूर आणि बांधकामांची धूळ साठते. ती धूळ ‘ब’ गटाचे काही किरण खाते हे खरं, पण ती फुप्फुसातही जाते. हा काही फायद्याचा सौदा नव्हे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा चढ सुरू होतो आणि ढगाळ वळवाचे दिवस वगळता मार्च ते मे हाच मुंबईचा खरा अतिनील मोसम ठरतो.

डोंगरावर हे किरण वाढतात, कारण वर हवा कमी आणि धूळ कमी. दर हजार मीटरना साधारण दहा-बारा टक्के वाढ धरतात. आरेमागचे डोंगर राष्ट्रीय उद्यानात साडेचारशे मीटरांच्या थोडे वर जातात. तिथवर चढून पाच टक्के पदरात पडतात, हिवाळ्यात धुरक्याच्या थराबाहेर डोकं निघालं तर थोडे आणखी. कळसूबाई १६४६ मीटर, तिथे पंधरा ते वीस टक्के. लेह साडेतीन हजार मीटरांवर, तिथे तिसऱ्या हिश्शाहून अधिक. त्यातच ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परतवतो, म्हणून हिमालयात भर थंडीत नाकाचं खालचं अंग भाजतं आणि डोळे सुजतात. आपली माती, गवत, डांबर दहा टक्केही परतवत नाहीत. जुहूची कोरडी वाळू पंधराएक टक्के. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पठारावर उंची, पातळ ओझोन आणि माथ्यावरचा सूर्य हे तिन्ही जुळून येतात आणि निर्देशांक वीसच्या पुढे जातो.

आरेत डोंगरापेक्षा झाड महत्त्वाचं. आखूड लहरी हवेत जास्त विखुरतात, म्हणून ‘ब’ गटाचे किरण केवळ सूर्याकडून येत नाहीत. जवळपास निम्मे साऱ्या निळ्या आकाशातून येतात. एकटं झाड घ्या: त्याच्या बुंध्याशी बसलेल्या माणसावर ऊन नाही, पण चारी बाजूंनी आकाश उघडं आहे. छत्रीचंही तेच. सावलीत बसूनही रापायला होतं ते यामुळे. जिथे फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडतात आणि मान वर केली तरी आकाश दिसत नाही, तिथे मात्र अतिनील किरण अगदी थोडे उरतात. पानांच्या वरच्या पापुद्र्यात असे रंगद्रव्यासारखे पदार्थ असतात की ते हे किरण तिथल्या तिथे शोषतात. सावली किती मोलाची हे पाहायचं, तर जमिनीवरच्या कवडशांपेक्षा वर किती आकाश उघडं आहे ते पाहावं. एक मोठं झाड गेलं की आकाशाला पडलेलं भोक आजूबाजूच्या झाडांच्या सावलीतही उतरतं. २०१९च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, तेव्हा प्राणवायूची चर्चा खूप झाली. या हरवलेल्या छताची फारशी झाली नाही.

झाडांचंही एक वेळापत्रक आहे. पळस, पांगारा, सावर ही झाडं नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडीबोडकी होतात. आंबा आणि पिंपळ त्याच उन्हात तांबूस कोवळी पालवी काढतात. कोवळ्या पानांतला तो तांबडा रंग प्रखर प्रकाशापासून त्यांचं रक्षण करतो, असं अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

हे किरण डोळ्याला दिसत नसले तरी त्यांचं काम हाताला लागतं. तबेल्यावर किंवा झोपडीच्या छपरावर टाकलेली साधी निळी ताडपत्री जून लागायच्या आधी चिमटीत धरून पाहा. धाग्यांची वीण कुरकुरीत झालेली असते, ओढली की निळा भुगा बोटांना लागतो. पारा क्वचितच चाळीशीला पोचणाऱ्या गावात प्लॅस्टिक उष्णतेने असं होत नाही. अतिनील किरण त्याच्या लांब साखळ्या तोडतात, तुटलेल्या टोकांना प्राणवायू चिकटतो आणि कापड ठिसूळ होतं. सावलीत घडी करून ठेवलेली तीच ताडपत्री मऊच राहते.

जुलैत पाड्यांवर भाताची लावणी चालते. वाकलेल्या माणसाची पाठ आकाशाला समांतर असते आणि सूर्य माथ्यावर, म्हणजे उघडीप पडली की पाठीवर पूर्ण मारा. पूर्वी त्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचं, पानांनी विणलेलं इरलं असे. पावसासाठी केलेली ती योजना उन्हालाही तितकीच भारी होती, कारण पानांचा थर अतिनील किरण जाऊ देत नाही. आता त्या जागी पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद आला आहे. पाऊस तो थांबवतो. हे किरण मात्र त्यातून बऱ्याच अंशी पार होतात.

राहिला डोळा, आणि त्याचं वेळापत्रक तर कातडीहूनही निराळं. माथ्यावरच्या सूर्याला भुवई आणि कपाळाचं हाड अडवतात. जपानमध्ये पुतळ्याच्या डोळ्यांत संवेदक बसवून मोजलं गेलं, तेव्हा डोळ्यात शिरणारे ‘ब’ गटाचे किरण भर दुपारी सर्वाधिक नव्हते. सूर्याकडे तोंड असताना तो चाळीस अंशांच्या आसपास असतो तेव्हा ते सर्वाधिक होते. मे महिन्यात मुंबईत सूर्य चाळीस अंशांवर असतो तो सकाळी नऊला आणि संध्याकाळी चार वाजून गेल्यावर. मोतीबिंदू आणि बुबुळावर मांस वाढणं या दोन्ही विकारांचा संबंध वर्षानुवर्षांच्या अतिनील माऱ्याशी लावला जातो. आता आरेचा रस्ता आठवा. सकाळी नऊला गोरेगावहून पवईकडे निघालेला दुचाकीस्वार पूर्वेला, सूर्याला सामोरा जातो. घरी परतताना त्याचं तोंड पश्चिमेला. झाडी दाट आहे तोवर ठीक, कुरणांच्या उघड्या पट्ट्यात डोळे थेट उन्हात. नुसता काळा गॉगल इथे उपयोगाचा नाही. काळोखामुळे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवणारी नसेल तर उलट जास्त किरण आत जातात. त्यावर ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या संरक्षणाची नोंद असायला हवी. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची साधी पारदर्शक काच हे किरण बहुतांशी शोषून घेते, पण ती खाली ओढलेली असेल तरच.